पिच्चरमधल्या पोरीच्या घरचं पाणी

अक्का,

तुला अंगणात बसवलं होतं. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात हार, आणि पाठ इतकी ताठ की मला वाटलं, आता शिट्टी वाजवशील. मी नांदेडहून मिळेल ती एसटी धरून आले तेव्हा माणसं तुझ्याविषयीच बोलत होती. कुणी खो-खोच्या संघाचं सांगत होतं, कुणी शाळेच्या कपाटातल्या ढालींचं, तर कुणी तुझ्या शिट्टीला सगळी गल्ली कशी दबून असायची त्याचं. सगळं खरं होतं. पण सिनेमांचं कुणी काढलं नाही. कुणाला माहीतच नसेल, किंवा ती पोरंपोरींची गंमत म्हणून विसरले असतील.

मला मात्र तेच आठवत राहिलं. तुला माती दिली त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. इतक्या वर्षांत तुला तो कितीदा विचारला, आणि दर वेळी तू हसण्यावारी नेलास. पोरींना दाखवायला खेळाचा सिनेमा तू निवडायचीस तरी कशावरून?

तुला आठवतं ना, लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं होऊन जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या चढत होत्या, सायबांच्या जीपा धूळ उडवत होत्या, आणि नळाला पाणी नव्हतं. पावसानं लागोपाठ तोंड फिरवलं होतं. मी गोदावरीकाठची, घागर सांडली तर दुसरी भरायची, एवढंच मला माहीत. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी झाडाला, हे मला लातूरनं शिकवलं. मी इंग्रजीची नवी बाई, तू खेळाची जुनी. पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, "नांदेडची हायस व्हय? मग तुला तहान लई लागणार."

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर हेडसरांनी मैदान बंद केलं. पोरी खेळल्या की पाणी मागतात आणि हौदात पाणी नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चुकत नव्हतं. तू म्हणालीस, "सर, अभ्यासानं भूक लागती, मग तोबी बंद करा." ते हसले नाहीत. "खेळाच्या तासाला काहीतरी बौद्धिक घ्या," म्हणून त्यांनी विषय संपवला.

तू तशीच माझ्या वर्गाच्या दाराशी आलीस.

"प्रज्ञा, बौद्धिक म्हंजे काय गं?"

"डोक्याला खाद्य."

"पिच्चर बौद्धिकात बसतं का?"

"कोणता त्यावर आहे."

"मग चल," तू म्हणालीस. "कोणता ते बघू."

गंजगोलाईच्या बाजारामागं व्हिडिओच्या कॅसेटींचं एक दुकान होतं. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं देणारा तो माणूस तुझ्याकडं बघतच राहिला. "खेळाचा पिच्चर? बाई, लोक मारामारीचा मागतात, न्हाईतर देवाधर्माचा. खेळाचा कोण मागतंय?" तरी फळीच्या मागून त्यानं धूळ बसलेल्या चार-दोन कॅसेटी काढल्या. हैदराबादेतून कुणीतरी विकलेल्या, सगळ्या इंग्रजी. कुणी नेत नव्हतं म्हणून, आणि दिवसा त्याचा टीव्ही रिकामाच पडून असायचा म्हणून, त्यानं ते सगळंच्या सगळं तुझ्या हवाली केलं. तुझी शिट्टी त्याच्याही कानांनी लहानपणी ऐकली होती म्हणे.

पोरींना दाखवायच्या आधी तुझ्या घरी बघायचं ठरलं. मी वही-पेन घेऊन, अवघड शब्द टिपायला तयार. तू उठून टीव्हीचा आवाजच बंद केलास.

"अगं अक्का, मग कळणार कसं?"

"बोलणं तू नंतर ऐक. आता पाय बघ."

पाय बघ. पहिल्या सिनेमातला पळणारा हिरो तू दहा मिनिटांत बाद केलास. "ह्यो पळतोय का लग्नात मिरवतोय? दम बघ की त्याचा. घाम कुठंय?" दुसऱ्यात फुटबॉल होता. तू टीव्हीजवळ जाऊन त्या खेळाडूंचे गुडघे निरखलेस आणि राग आला की यायची तशी कानडी तुझ्या तोंडी आली, "बेडा, बेडा! नकोच ह्यो. ह्यांच्या गुडघ्याला खरचटलेलं बी न्हाई." मी हसून हसून बेजार. तेव्हा मला वाटलं, कळलं आपल्याला. अक्काला खरा खेळ पाहिजे, नाटक नको. पण तेवढंच नव्हतं, हे पुढं कळत गेलं.

त्याच दिवशी तुझ्या आईनं चहा आणला. माझा चहा वेगळ्या पेल्यात होता, काठ उडालेल्या, फडताळात बाजूला ठेवायच्या पेल्यात. आम्ही कोण, हे त्यांनी माझ्या आडनावावरून ओळखलं होतं. मी हात पुढं करायच्या आत तू तो पेला उचललास आणि सगळा चहा पिऊन टाकलास, टीव्हीवरून नजर न काढता. मग तुझी कपबशी माझ्यापुढं सरकवलीस. पुढच्या वेळेपासून तो पेला दिसला नाही. आपण त्यावर एक शब्द कधी बोललो नाही, अक्का. मी बोलायला हवं होतं असं मला वाटत नाही. पण तुला माहीत असावं, की मी ते पाहिलं होतं.

शेवटी दोन सिनेमे तुझ्या परीक्षेत पास झाले. पहिला पोहण्याचा. एक पोरगी, तिचा कडक मास्तर, स्पर्धा. तिचे खांदे बघून तू खूश झालीस. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गात सतरंज्या टाकल्या, खिडक्यांना चादरी लावल्या, आणि मी टीव्हीशेजारी उभी राहून एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. पोरी आधी चुळबुळत होत्या. मग पडद्यावर तो तलाव आला. काठोकाठ भरलेला, निळा, तळ दिसणारा.

मी पोहणारीची गोष्ट सांगत होते आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. पोरी पाणी बघत होत्या. एकीनं शेजारणीला हळूच विचारलं, "एवढं पाणी कुठलं असंल?" दुसरी म्हणाली, "धरणाचं असंल." तिसरी म्हणाली, "अंघोळ न करता उतरल्या की गं त्यात! पाणी खराब न्हाई का होत?" शर्यत संपली, पोरगी जिंकली, बाजा वाजला. एकीनंही टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ते पाणी परत दाखवा ना."

असल्या दिवसांत हा सिनेमा आणायला नको होता, असं मी तुझ्या कानात म्हणाले. तू कॅसेट मागं घेतलीस आणि त्यांना पाणी परत दाखवलंस. तुझ्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, कुतूहल होतं. पोरींच्या तोंडांकडं तू अशी बघत होतीस, जशी मैदानावर बघायचीस: कोण कुठं वळते, कोण कशानं थांबते. घरी जाताना म्हणालीस, "आपण काय दाखवलं आन् त्यांनी काय बघितलं! पिच्चर आपण निवडतो असं वाटतं नुसतं."

दुसरा सिनेमा पळणाऱ्या पोरीचा. कुठल्या तरी थंड मुलखातली, धुक्यात पहाटे पळणारी. बाप घोडागाडी हाकणारा, तिच्या पळण्यावर चिडणारा. ती हट्टानं पळत राहते आणि शेवटी मोठी शर्यत जिंकते. ह्या सिनेमात मला बोलायला भरपूर होतं. मी रंगात येऊन सांगत असताना मधल्या रांगेतून सुनंदा उठली. आठवीतली सुनंदा, काटक, तुझ्या मते शाळेत सगळ्यात पुढं पळणारी, आणि सरावाला मात्र सगळ्यात कमी येणारी.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"ह्या पोरीच्या घरचं पाणी कोण भरतं?"

पोरी हसल्या. मी गोंधळले. मला वाटलं चेष्टा करतेय. तू कॅसेट थांबवलीस.

"चांगलं विचारलंस," तू म्हणालीस. "मला बी ठाऊक न्हाई. आता सगळ्याजणी बघा. पाणी कोण भरतंय ते शोधायचं."

आणि मग काय बघणं ते! सगळा वर्ग पुढं सरकून, डोळे फाडून, त्या परक्या घराचा कोपरा न् कोपरा तपासू लागला. रांजण कुठंय? आई हातात दुधाचा पेला देते, पण तो पेला धुतला कुणी? शेवटपर्यंत पाणी भरताना कुणी दिसलं नाही. पळणारी जिंकली आणि सुनंदा म्हणाली, "म्हणून तर पळती ती." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गणित सुटल्यावर येतो तसा आवाज होता.

तिच्या गल्लीत टँकर सकाळी यायचा, सरावाच्याच वेळेला. तिची आई लोकांकडं भांडी घासायला जायची, म्हणून रांगेत सुनंदा. बाप, ग्यानबा, धान्याच्या मोंढ्यात हमाल. दुष्काळामुळं मोंढ्यात माल येत नव्हता, तेव्हा तो सकाळी घरीच असायचा. पण पुरुषानं घागर घेऊन रांगेत उभं राहायचं, हे त्या गल्लीत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या होत्या. हेडसरांनी निवडक पोरींना सकाळच्या गारव्यात सरावाची परवानगी दिली होती. मी म्हणाले, चल, ग्यानबाला समजावू. तू म्हणालीस, "समजावून कोण समजतं? त्याला पिच्चर दाखवू."

रविवारी दुपारी तो आला. दाराशी उकिडवा बसला, खांद्यावरचं पोतं काढायलाही विसरला. मी आपली सांगत होते. त्या सिनेमातला बाप अर्धा वेळ पोरीवर ओरडतो. मग एका सकाळी काही न बोलता तिचे गारठलेले बूट शेगडीजवळ धरून गरम करतो आणि तिच्यापुढं ठेवतो. एवढंच. सिनेमा संपला तरी ग्यानबा उठेना.

"बाई, त्यो बाप बूट गरम करून देतो."

"हाव," तू म्हणालीस.

"आमच्या पोरीला बूट न्हाईत."

"न्हाईत."

तो "बरं," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, गेलं सगळं फुकट. तू तेव्हाही पोतं टाकलेल्या त्याच्या खांद्याकडं बघत होतीस.

दुसऱ्या सकाळी सुनंदा मैदानावर आली, आणि तिच्या गल्लीत ग्यानबा घागर घेऊन बायकांच्या रांगेत उभा राहिला. हे तिनंच आपल्याला हसत, लाजत सांगितलं. बायका म्हणाल्या, "ग्यानबा, लुगडं नेसून ये की!" तो म्हणाला, "नेसतो, पण तवर माझा नंबर जाऊ देऊ नका."

मी आनंदानं तुझा हात धरला होता. मला वाटलं, आता सिनेमासारखंच होणार.

तसं झालं नाही. जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली फेरी सुनंदानं सगळ्यांच्या पुढं काढली. दुसऱ्या फेरीत तिचे पाय जड झाले. एकेक जण तिला मागं टाकत गेली आणि ती चौथी आली. माझ्या डोळ्यांना धार लागली. तू मात्र सरळ तिच्यापाशी गेलीस. ती गुडघ्यांवर हात टेकून दम खात होती.

"कसं वाटलं?" तू विचारलंस.

ती वर बघून म्हणाली, "बाई, पुढच्या साली जिल्हा इथंच राहतो का?"

आजूबाजूचे मास्तर खदखदून हसले. तूही हसलीस, "जिल्हा कुठं उठून जातोय, येडे!" मग तू आमच्याकडं पाठ केलीस आणि बराच वेळ मैदानाकडं बघत उभी राहिलीस. तुला काय झालं, मला समजलं नाही. विचारलंही नाही.

परतताना आपलं ते भांडण सुरू झालं, जे पुढं कधी संपलंच नाही. मी म्हणाले, "पोरींना जिंकणारीचाच सिनेमा दाखवला पाहिजे. हरणं त्यांना घरोघर फुकटात मिळतं. दोन तास तरी जिंकू दे की." तू म्हणालीस, "जिंकणारी एकच असती गं. बाकीच्यांनी पिच्चर बघून घरी काय न्यायचं? ज्या मागं राहिल्या त्यांचं पुढं काय झालं, ते कुणी दाखवतंय का?" मी म्हणाले, असा सिनेमा कोण काढेल आणि बघेल कोण? तू म्हणालीस, "मी बघीन."

मग मी लग्न करून नांदेडला आले, तिथल्या शाळेत लागले. तू लातूर सोडलं नाहीस. पण कुठला नवा खेळाचा सिनेमा आला की तुझा फोन ठरलेला. "दाखवला का पोरांना? काय विचारलं त्यांनी?" सिनेमा कसा होता, हे तू कधी विचारलं नाहीस. पोरांनी काय विचारलं, एवढंच. बहुतेक हेच तुझं उत्तर असावं, अक्का. ज्या सिनेमानं पोरं प्रश्न विचारतील, तो चांगला. बहुतेक म्हणते, कारण तू हे मान्य केलं असतंस याची मला खात्री नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझा धाकटा भाऊ उदगीरहून आलेल्या पाहुण्यांत बसला होता. मी त्याला विचारलं, "अक्का स्वतः कोणता खेळ खेळायची हो?" कमाल बघ, हे मी तुला कधी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "पळायची. लई पळायची. उदगिरात तिच्या बरोबरीची न्हवती. पण जिल्हा उस्मानाबाद पडायचा, स्पर्धेला मुक्काम करावा लागायचा. आमचे अप्पा सोडायचे न्हाईत. एकदा बी गेली न्हाई." मला एकदम तुझी ती पाठ दिसली, मैदानाकडं तोंड करून उभी राहिलेली. लातूर जिल्हा झालं त्या दिवशी तू शाळेत सगळ्या पोरींना पेढे वाटले होतेस असं शिपाईमामा सांगायचे. मला वाटायचं, गावाचा अभिमान. मला कचेऱ्या दिसल्या. तुला दिसलं असणार, की पोरी आता संध्याकाळी घरी परत येतील.

सुनंदाही आली होती. ती आता उदगीरला दवाखान्यात नर्स आहे, नोकरी संपत आलीय. मी तिचा हात हातात घेतला तर म्हणाली, "पुढच्या साली मी दुसरी आले होते, बाई. तुम्ही नांदेडला गेला होता. पहिली कधीच न्हाई आले." मग म्हणाली, "पाऊस झाला, नळ आला, तरी बाबा सकाळी उठून पाणी भरायचे. आई म्हणायची, आता कशाला? तर म्हणायचे, सवय लागली." हे तुला माहीत होतं का? असेल. तू सांगितलं नसशील, एवढंच.

महिन्यापूर्वी मी तुला बघायला आले होते, तेव्हा तुला बसणंही होत नव्हतं. दुपार होती. मी मोबाईल उशीला टेकवून एक सिनेमा लावला, घाटात सायकल पळवणाऱ्या पोरीचा. तू खुणेनं आवाज बंद करायला लावलास. थोडा वेळ पाय बघितलेस, "खरी चालवती," म्हणालीस आणि तुझा डोळा लागला. मी सिनेमा चालूच ठेवला, पण बघत होते तुझ्याकडं. तुझा श्वास हलका, उथळ चालला होता. जाग आली तेव्हा पडदा काळा झाला होता.

"जिंकली का गं?" तू विचारलंस.

मला हसू आवरेना. "तू विचारतेस हे? अक्का, तू?"

"आता विचारायला काय जातंय? सांग की."

"मी बघितलंच नाही," मी म्हणाले. "नांदेडला गेले की बघून फोन करते."

तो फोन राहिला. नातवंडं, घरातल्या लग्नाची घाई, हे ते. मग दुसराच फोन आला.

काल दुपारी मैत्रीला, माझ्या नातीला, शेजारी घेतलं आणि तो सिनेमा पहिल्यापासून लावला. ती तिसरीत आहे, तुझ्यासारखी एका जागी न बसणारी, पण बसली. घाट आला, चढ आला, दोघी सायकलवाल्या चाकाला चाक लावून निघाल्या. मैत्रीनं माझा दंड घट्ट धरला. आणि जिंकली, अक्का. अगदी थोडक्यात, पण आपली पोरगी जिंकली. मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या. वाटलं, आता लातूरकडं तोंड करून ओरडून सांगावं, बघ, शेवटी तूच विचारलं होतंस.

मैत्री टाळ्या वाजवत नव्हती. "आजी, दुसरी आली तिचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. आम्ही मागं जाऊन बघितलं. नाव कुठंच नव्हतं. एवढा सगळा सिनेमा ती पोरगी हिरोईनच्या बरोबरीनं सायकल मारते, आणि तिला कुणी एकदाही हाक मारत नाही. मैत्री रागानं लाल झाली. "एवढा घाट चढवला तिला आन् नाव पण न्हाई दिलं?"

तुला सांगायचं होतं ते एवढंच. जिंकली ती. पण आपलं भांडण मिटलेलं नाही. आता माझ्याच घरात तुझ्या बाजूनं बोलणारी एक झाली आहे.

तुझी
प्रज्ञा